लसूणघासाची काकी

निजामी अमलातली गोष्ट. हसनाबादच्या शिवारात आमच्या रानाशेजारी एका म्हातारीचं रान होतं. आम्ही तिला काकी म्हणायचो. मोटेच्या पाण्यावर तिनं लसूणघास, म्हणजे गुरांसाठीचा हिरवा चारा, केला होता. जनावरांना ती 'माय' म्हणायची, माणसांवर मात्र खेकसायची. दव सुकल्याशिवाय आणि पोटात थोडा कडबा गेल्याशिवाय ती गुरांना घासाकडे फिरकू द्यायची नाही; ओला घास रिकाम्या पोटी खाल्ला की जनावर फुगून मरतं, म्हणायची. बांधावरून तिचं नि माझ्या वडिलांचं वाजलं होतं, बोलणंही बंद होतं.

एका सकाळी आमची गाय दावं तोडून तिच्या ओल्या घासात शिरली. काकीची आरोळी ऐकून आम्ही धावलो. गायीची डावी कूस ढोलासारखी फुगली होती, तिला धाप लागली होती. काकीनं तिला गोडंतेल पाजलं होतं आणि आता पोटातला वायू सुटावा म्हणून ती गायीच्या तोंडात कडुलिंबाची जाड काडी आडवी बांधत होती.

"बघत काय राह्यला? कूस चोळ!" ती वडिलांवर ओरडली.

दोघं खांद्याला खांदा लावून चोळत राहिले. बऱ्याच वेळानं गायीनं मोठा ढेकर दिला, तशी काकी मटकन खाली बसली.

"माझ्या घासानं मेली असती माय," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. वडिलांनी हात जोडले, तर तिनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी बांधापलीकडून तिनं वडिलांना विचारलं, "गाय रवंथ करू राह्यली का?"

"बराबर करू राह्यली, काकी."

"मंग आता बांधाचं बोल," म्हणत ती कंबरेवर हात ठेवून भांडायला उभी राहिली. वडील भांडले, पण हसत हसत.