बँकॉकचा खलबत्ता

बाळांनो,

तुमच्या मामाने तुम्हाला फोनवर सांगितलं ते अर्धंच आहे. "आजी बँकॉकमध्ये हरवली होती," हे त्याचं वाक्य. मी हरवले नव्हते. मी चुकीच्या बोटीत बसले होते. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो नीट लिहून ठेवावा म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा आईला शेजारी बसवा. तिनेही ऐकलेलं बरं.

सुरुवात बँकॉकला झाली नाही, इथे अमेरिकेत, एडिसनलाच झाली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या ड्राइव्ह-वेवर बर्फावरून माझा पाय घसरला आणि डावं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेलं. त्याच आठवड्यात मामाही त्याच जागी घसरून पाठीवर पडला होता. त्याचं पडणं हसण्यावारी गेलं, माझं पडणं मात्र घरातला विषय झालं. प्लास्टर निघालं तरी विषय निघेना.

मग एका रविवारी जेवताना मामा म्हणाला, "आई, या डिसेंबरला पुण्याला जाऊन ये. पण एकटीने ही शेवटची ट्रिप. यापुढे कोणी बरोबर असेल तरच."

"कोण असेल बरोबर?"

"बघू ना. मला सुट्टी मिळेल तेव्हा मी."

मामी पोळी वाढत होती. ती म्हणाली, "आई, माझ्या बहिणीच्या लग्नाला याला चार दिवस सुट्टी मिळाली होती. त्यातले दोन दिवस हा हॉलच्या जिन्यात लॅपटॉप घेऊन बसला होता."

म्हणजे पुणं दोन-तीन वर्षांतून एकदा, आणि तुमचं मेलबर्न बहुधा कधीच नाही. तुमच्यातल्या धाकटीला मी तिच्या पहिल्या वाढदिवसाला पाहिलं. आता ती पाच वर्षांची आहे आणि फोनवर मला तिचं अर्धंच कपाळ दिसतं. त्या दिवशी मी जेवण संपवलं. ताट उचललं, घासून ठेवलं, आणि ठरवलं की ही ट्रिप शेवटची होणार नाही.

इथे आमच्या ओळखीत एक रीत आहे. मुलं आईवडिलांचं विमानाचं तिकीट काढतात तेव्हा व्हीलचेअरच्या चौकटीत खूण करून टाकतात, गुडघे धड असोत नसोत. आई चुकायला नको, रांगेत उभं राहायला नको, कोणाशी इंग्रजी बोलायला नको. मुंबईच्या विमानाच्या दाराशी अशा पंधरा-वीस खुर्च्या ओळीने उभ्या असतात. काकू आणि मावश्या त्यात बसून बाहेर येतात आणि नातवंडं दिसली की उठून धावत सुटतात. ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी माझ्याबद्दल बोलते. मीही चार वेळा मुकाट्याने बसले. त्या खुर्चीत बसलं की माणसं तुमच्या डोक्यावरून बोलतात. "यांच्याकडे पासपोर्ट आहे का?" असं ढकलणाऱ्याला विचारतात. पासपोर्ट माझ्या मांडीवर असतो. बत्तीस वर्षं मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवला, माझ्या डोक्यावरून बोलण्याची कोणाची छाती नव्हती.

तेव्हा या वेळी तिकीट मी स्वतः काढलं. जाताना नेहमीच्या वाटेने मुंबई. येताना मात्र पूर्वेकडून: मुंबई, बँकॉक, टोकियो, नेवार्क. बँकॉकमध्ये तीन रात्री. पृथ्वी गोल आहे हे मी कित्येक पिढ्यांकडून घोकून घेतलं, पण स्वतः कधी पूर्ण वळसा घातला नव्हता. शिवाय सातवीच्या वर्गात दर वर्षी फळ्यावर लिहायचे, 'चाओ फ्राया नदीचं खोरं, तांदळाचं कोठार'. नदीची निळी रेघ मी डोळे मिटून काढू शकत असे. बँकॉकमधून वाहणारी ती नदी पाहिली मात्र नव्हती. व्हीलचेअरची चौकट रिकामी सोडली.

मामाला हे मी पुण्याहून कळवलं.

"बँकॉक? एकटी? आई, यार, तिथे लोक बॅचलर पार्टीला जातात."

"मग तिथली गर्दी तुझ्या वयाच्या मुलांची असेल. माझ्याकडे कोण बघतंय?"

"निदान फोनचं लोकेशन ऑन ठेव."

ते ठेवलं. रास्त मागणी मी मोडत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी वाट अरुण पाहायचं होतं. नदीकाठचं उंच बौद्ध मंदिर. माझ्या हॉटेलपासून ते दक्षिणेला, म्हणजे नदी वाहते त्या दिशेला. धक्क्यावर पाट्या होत्या, पण मला पाट्यांची गरज वाटली नाही. पाण्यावर जलपर्णीचे हिरवे पुंजके वाहत होते, ते जिकडे चालले होते तिकडे जाणारी बोट मी धरली. नारिंगी झेंड्याची, दोन्ही बाजूंनी उघडी. तिकीट देणारी बाई हातातली पत्र्याची लांब नळी खुळखुळवत फिरत होती. मी ऐटीत कडेला बसले.

अर्ध्या तासाने मामाचा फोन. तिकडे रात्र होती, तो झोपायच्या आधी बघत होता.

"आई, तुझा डॉट शहराबाहेर चाललाय."

मी बाहेर पाहिलं. काठावरची घरं ठेंगणी झाली होती. आणि मग मला कळलं. भरती होती. समुद्र जवळ असला की भरतीचं पाणी नदीत शिरतं आणि प्रवाह उलटा चढतो. हे मी शिकवलेलं आहे. परीक्षेत विचारलेलं आहे, आणि चुकलेल्या मुलांचे गुण कापलेले आहेत. जलपर्णी उत्तरेला चालली होती, आणि तिच्यामागे मी.

"हो," मी म्हटलं. "बोट उलटी आहे."

"ओ गॉड. पुढच्या स्टॉपला उतर. तिथेच थांब, हलू नकोस. मी इथून कॅब बुक करतो."

"तू झोप. नदीला दोनच दिशा असतात. एक चुकली, आता एकच उरली."

शेवटच्या धक्क्यापर्यंत गेले. तिथे तळलेली केळी खाल्ली, वर तीळ घातलेली, आणि परतीच्या बोटीत बसले. म्हणजे आणखी एका तिकिटात ती नदी मला दोनदा पाहायला मिळाली. हरवणं म्हणजे परतीचा रस्ता माहीत नसणं, अशी माझी व्याख्या आहे. मामाची वेगळी असेल.

वाट अरुणच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. चढताना काही वाटलं नाही. वर गेल्यावर भिंती जवळून पाहिल्या, तर सगळी फुलं चिनी मातीच्या फुटक्या बशांच्या तुकड्यांची. कोणी तरी घरच्या कपबशा फुटल्यावर टाकून देऊ नका म्हणून सांगितलं असणार. उतरताना मात्र गुडघे थरथरले, हे मान्य करते. मी कठडा दोन्ही हातांनी धरला आणि आडवी, एकेक पायरी उतरले. मागे बरीच तरुण मंडळी खोळंबली होती. खोळंबू दे म्हटलं. खाली पोचल्यावर त्यांच्यातल्या एका मुलीने माझ्यासाठी टाळी वाजवली. मला ते आवडलं नाही. जिना उतरल्याबद्दल टाळ्या लहान मुलांना मिळतात.

दुसऱ्या दिवशी बाजार. निघण्याआधी मामाला मेसेज लिहिला, "सकाळी नऊ ते दुपारी एक लोकेशन बंद ठेवते आहे. काळजीचं कारण नाही. कारण बाजार आहे." आणि खरंच बंद केलं.

हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी मला एका मोठ्या मॉलचा रस्ता दाखवत होती. मी म्हटलं, तुझी आई भाजी कुठून आणते? ती हसली आणि क्लोंग तोई असं बाजाराचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. तिथे सुकवलेल्या कोळंबीचे ढीग होते, आपल्या सोड्यांसारखा वास. गवती चहाच्या जुड्या मनगटाएवढ्या जाड. आलं म्हणून उचललं तर आलं नव्हे, त्याचा कोणी गोरा चुलतभाऊ. जमीन ओली, मधून हातगाड्या पळणार, आणि बेडकांच्या टोपलीकडे मी एकदाच पाहिलं. एडिसनला ओक ट्री रोडवरच्या आपल्या दुकानांत सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं असतं. इथे वस्तू हातात घेऊन, वास घेऊन, परत ठेवता येत होती. किती वर्षांनी मी अशी भाजी निवडली.

एका कोपऱ्यात साधारण माझ्याच वयाची बाई दगडी खलबत्ते मांडून बसली होती. माझा खलबत्ता पुण्याचा फ्लॅट विकला तेव्हा तिथेच राहिला. "तिकडे मिक्सर आहे आई," असं मामा म्हणाला होता, आणि मी ऐकलं होतं. त्या वेळी मी बरंच ऐकत असे.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. खल कसा घ्यायचा ते माझ्या आईने शिकवलेलं. आधी बत्त्याने कडेला वाजवायचा. आवाज टणटणीत हवा, दबका आला तर दगडाला चीर असते. मग मूठभर तांदूळ कुटून पाहायचे. मी वाजवला, आवाज चांगला होता. मग बोटांनी तांदळाची खूण केली. तिने शेजारच्या पोत्यातून मूठभर उचलून आत टाकले. मी कुटले. पीठ राखाडी निघालं, म्हणजे दगड कच सोडत होता. मी ते तळहातावर घेऊन तिच्यासमोर धरलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, खो खो हसली, आणि पाठीमागचं गोणपाट उचलून दुसरा खल काढला. पहिला पाहुण्यांसाठी होता. यात पीठ पांढरं निघालं. भाव ठरवायला आम्ही एकच कॅल्क्युलेटर चारदा एकमेकींच्या हातात दिला, आणि तिसऱ्या वेळी ती जे काही पुटपुटली ते माझ्या माहेरच्या भाजीवालीच्या तोंडचंच होतं, भाषा वेगळी एवढंच. मग मी उठले. हात न टेकता. तिने माझ्या गुडघ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या गुडघ्यावर थापटी मारली आणि मान हलवली. तिचा गेला होता. ही शाबासकी मला आवडली, कारण ती बरोबरीची होती.

खलबत्ता सात किलोंचा. तो बॅगेत बसवायला मामासाठी पुण्याहून घेतलेला दोन किलो चिवडा काढावा लागला. तो हॉटेलच्या मुलीला दिला. खल माझ्या दोन साड्यांत गुंडाळला.

बँकॉकच्या विमानतळावर काउंटरशी एक खुर्ची माझी वाट पाहत होती. मामाने कंपनीला परस्पर फोन करून ती तिकिटावर चढवली होती. मी नको म्हणून सही केली. टोकियोत पुन्हा तेच, पुन्हा सही. नेवार्कला विमानाच्या दाराशी एक दणकट बाई खुर्ची घेऊन उभी.

"मॅम, तुमचं नाव माझ्या यादीत आहे. रिकामी खुर्ची घेऊन गेले तर मलाच विचारतील."

"मग बरोबर चला," मी म्हटलं. "मी चालते."

आम्ही दोघी त्या लांबच लांब कॉरिडॉरमधून निघालो, मध्ये रिकामी खुर्ची. ती किंचित लंगडत होती. दिवसभर लोकांना ढकलून गुडघा गेला, म्हणाली. पासपोर्टच्या खिडकीवर अधिकाऱ्याने प्रश्न मलाच विचारले. पट्ट्यावरून बॅग आली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून ती खुर्चीत बसवली, आणि खुर्ची मी माझ्याकडे घेतली. "तुमच्या गुडघ्याला जरा आराम," मी म्हटलं. तिने आजूबाजूला पाहिलं, हसली आणि नाही म्हणाली नाही.

बाहेर मामा आणि मामी उभे. मामाची नजर आधी खुर्चीवर गेली, मग मी ढकलते आहे हे त्याच्या लक्षात आलं.

"आई, खुर्चीत काय आहे?"

"दगड."

मामीला हसू आवरेना. मामाने गाडीत टाकायला बॅग एका झटक्यात उचलली आणि कंबर धरून तिथेच वाकला. मामी म्हणाली, "थांब, खुर्ची गेली नाहीये अजून. बोलावू?"

दोन दिवस तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. तिसऱ्या दिवशी मी खलात मिरचीचा ठेचा केला. त्याने तीनदा घेतला आणि मग म्हणाला, "बर्फ विसरलीस का आई?"

"नाही. त्यावर मीठ टाकायचं काम तुझं होतं, तेही विसरले नाही."

तो हसला नाही. ताटाकडे बघत म्हणाला, "बाबा गेले तेव्हा मी पोचलो नाही. तुला कुठे काही झालं, टोकियोत, कुठेही, आणि मी पुन्हा पोचलो नाही तर?"

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. मग म्हटलं, "तू काळजी कर, ती मी तुझ्याकडून काढून घेणार नाही. लोकेशन चालू ठेवीन. पण तुझ्या काळजीसाठी मी आत्तापासून बसून राहणार नाही."

त्याने हो म्हटलं नाही. पण मी त्याच्यासमोर, त्याच टेबलावर लॅपटॉप उघडून तुमच्याकडचं तिकीट काढलं, आणि तो उठून गेला नाही. व्हीलचेअरच्या चौकटीशी मी थांबले आणि त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "पुढे जा." एअरलाइनला परस्पर फोन करणार नाही असंही मामीसमोर कबूल करून घेतलं आहे.

एप्रिलमध्ये येते. सवयीने तुमची आई खुर्च्या बाहेर येतात तिकडे जाऊन उभी राहील. तिचा हात धरून तिला चालणाऱ्यांच्या दारात घेऊन या.