पावरवाली रॅकेट आणि सकाळचा सहाचा स्लॉट

मला पावर पाहिजे होती, बाकी काही नाही.

सोलापुरात पॅडेलचं कोर्ट झालं तेव्हापासून मी आणि वहिनी जोडीनं खेळतोय. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: टेनिससारखंच, पण काचेच्या खोलीत. टप्पा पडून बॉल काचेला लागला तरी खेळ चालूच. रॅकेटला तारा नसतात, भोकं असलेली जाड फळी असते, आत फोम. तर आम्ही सर्व्हिस आत टाकायला शिकलो, काचेवरून उलटा आलेला बॉल घ्यायला शिकलो, आणि कोर्टवाल्यांनी आम्हाला इंटरमीजिएट म्हणून सकाळी सहाच्या ग्रुपमध्ये टाकलं. मी हे घरी, ऑफिसच्या ग्रुपवर आणि दूधवाल्याला सांगितलं.

अडचण एकच, माझा स्मॅश. मी जीव तोडून मारायचे, बॉल समोरच्यांच्या मागच्या काचेवर आदळायचा आणि शहाण्या मुलासारखा परत त्यांच्याच हातात जायचा. ते निवांत मारायचे. माझं गणित सरळ होतं. जोर कमी पडतोय. अजून जोर असता तर बॉल काचेवरून उडून कोर्टाच्या बाहेर गेला असता, आणि टप्पा पडून बाहेर गेला की पॉइंट आपला.

आणि ते लगेच व्हायला पाहिजे होतं, कारण आमचा स्लॉट जायच्या बेतात होता. सकाळच्या ग्रुपमध्ये ज्या दोन जोड्या तळाला राहतात त्यांची महिन्याच्या शेवटी मॅच लागते, हरेल ती जोडी दुपारी तीनच्या नवशिक्यांच्या बॅचला. दुपारी तीन. सोलापूर. एप्रिल. मला तेही चाललं असतं, मी घरूनच काम करते, लॅपटॉप कुणी बघत नाही. पण वहिनी पतसंस्थेत काउंटरला बसते. दिवसभर तिथं, संध्याकाळी स्वयंपाक, आणि संध्याकाळचे स्लॉट तसेही कंपन्यांच्या लोकांनी धरलेले. सकाळ गेली की वहिनीचा खेळ बंद. वहिनी अकलूजची, शाळेत व्हॉलीबॉल खेळलेली. लग्नानंतर तिच्या पायात पहिल्यांदा स्पोर्ट्स शूज आले ते या कोर्टामुळं. ती एवढंच म्हणाली, "न्हाय जमलं तर न्हाय. काय त्यात." आणि गच्चीवर जाऊन बूट धुवून आली. बूट स्वच्छच होते.

मग मी अभ्यास केला. किती व्हिडिओ बघितले विचारू नका. गोल रॅकेट कंट्रोलची. पतंगाच्या आकाराची पावरची, वजन सगळं वरच्या टोकाला, पण बॉल बरोबर मधे लागला तरच. थेंबाच्या आकाराची दोन्हीच्या मधली, इंटरमीजिएट माणसानं ती घ्यावी. सगळे व्हिडिओ हेच सांगत होते, एकसुरात. मी पतंगवाली ठरवली. फोम पण कडक पाहिजे, कारण उन्हात मऊ फोम आणखी मऊ होतो आणि आपल्याकडं उन्हात डांबर पण मऊ होतं. हे मी स्वतः शोधलं होतं आणि मला याचा लई अभिमान होता.

सात रस्त्याजवळच्या खेळाच्या दुकानात गेलो. दुकानवाले चाचा कॅरम बोर्ड आणि ट्रॉफ्यांच्या मागून तीन रॅकेटी काढून घेऊन आले. पहिली गुलाबी. गोल. माझ्या हातात दिली.

"ये लेव बेटा. हात को हलकी है."

"चाचा, पावरवाली पाहिजे."

चाचांनी वहिनीकडं बघितलं. वहिनीनं ट्रॉफ्यांकडं बघितलं.

"पावरवाली भारी पडती. कोपर दुखता फिर."

"दुखू दे की!"

वहिनी तोंड उघडून काहीतरी बोलणार होती असं मला वाटलं, पण ती म्हणाली, "रंग चांगला हाय." पतंगवाली काळी होती. मी घेतली.

घरी आल्यावर दादानं ती हातात घेतली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, वहिनीचा नवरा, आणि रविवारचा ओपनिंग बॅट्समन. आयुष्यात त्यानं जेवढं प्रेम क्रिकेटच्या बॅटींवर केलं तेवढं कशावरही केलं नाही, वहिनी हे हसत सांगते. नवी बॅट आली की तो तिला तेल पाजतो आणि लाकडी हातोडीनं दिवसच्या दिवस ठोकतो. त्याला नॉकिंग म्हणतात. त्यानं बॅट तयार होते, मोकळी होते, बॉल लांब जातो. बॅटीच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे.

"नॉकिंग केलंस?" त्यानं विचारलं.

"याला नसतं."

"कसं नसतं? नवीन आहे की."

मी ऑफिसच्या कॉलवर होते. मी हात हलवला. माझ्या मते त्या हाताचा अर्थ नको असा होता.

मॅचच्या दिवशी दादा पण कोर्टवर आला. रॅकेट त्यानं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून आणलेली, बाळासारखी. उघडल्यावर जवसाच्या तेलाचा वास आला. आमच्याकडं जवसाची चटणी रोज असते म्हणून मला आधी वाटलं डबा सांडला.

"तेल पितच नव्हती," दादा म्हणाला. "म्हणून परत लावलं. आणि ठोकून घेतली बघ, एकदम मऊ झालीय."

मी सरावाचा पहिला बॉल मारला. नव्या रॅकेटचा आवाज टणक येतो. हिचा आला थप्प. म्हशीच्या पाठीवर हात मारल्यासारखा. बारकाईनं बघितलं तर मधोमध केसाएवढी चीर. माझी जुनी रॅकेट मैत्रिणीला देऊन टाकलेली, आणि भाड्याच्या रॅकेटी ज्या ऑफिसात ते उघडायला वेळ होता. दादा बाकावरून अंगठा दाखवत होता.

समोर दोघे साडू. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, एकाचं टायरचं दुकान, दुसरा शाळेत गणित शिकवतो. एकमेकांना अतिशय मानानं बोलवतात. "घ्या तुम्ही." "नाही नाही, तुम्हीच घ्या." या नादात त्यांचे अर्धे पॉइंट जातात, म्हणूनच ते पण तळाला होते.

सुरुवातीला मी सवयीनं स्मॅशच मारत गेले. थप्प. बॉल नेटच्या पलीकडं अलगद जाऊन बसायचा आणि साडू येऊन तो उडवायचे. तीन गेम गेले. वहिनी दर वेळी म्हणायची, "असू दे ताई, असू दे." ती माझ्यापेक्षा मोठी आहे, तरी नणंद म्हणून मला ताई म्हणते.

"ताई, आज फटाके ओले झाले काय?" टायरवाले साडू म्हणाले.

चौथ्या गेमला मी थकले आणि मारणं सोडलं. दुसरं काय करणार, हातात फळी होती. नुसता बॉल परत ढकलायला लागले. उंच आला की आणखी उंच करून परत. आणि गंमत म्हणजे साडूंना काय करावं कळेना. माझा बॉल काचेवरून उलटा येईल म्हणून ते मागं जाऊन वाट बघायचे आणि बॉल पुढंच मरायचा. पुढं आले की वहिनी डोक्यावरून लॉब टाकायची, म्हणजे उंच, अलगद, मोजून मापून, अगदी कोपऱ्यात. टायरवाले साडू पोट सांभाळत मागं पळायचे.

"मागं बघा की!"

"तुमची बाजू आहे, तुम्ही बघा!"

"तुम्ही काय उभं राहायला आलाय काय?"

आणि मग मोठ्या साडूनं धाकट्याला "अरे ए" म्हटलं. मला कळलं, मॅच फिरली.

पाच-पाच झाले, सहा-पाच झाले. शेवटच्या पॉइंटला बॉल माझ्या डोक्यावर आला, उंच, संथ, हलव्यासारखा सोपा. माझा खांदा आपोआप मागं गेला. सगळी पावर गोळा झाली.

"न्हाईईई!"

वहिनी ओरडली. लग्न झाल्यापासून या बाईनं माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मी एवढी दचकले की रॅकेट नुसती लागली. बॉल नेटच्या जवळ थप्प पडला आणि उठलाच नाही. दोन्ही साडू मागच्या काचेला टेकून उभे होते.

जिंकलो. स्लॉट राहिला. आणि वहिनी तोंडावर हात ठेवून माझ्याकडं बघत होती, चोरी पकडल्यासारखी.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"काय?"

"स्मॅशचं."

"पहिल्या दिवसापासनं. तुमी मारता ते सगळं त्यान्ला ताटात वाढल्यावानी जातंय, ताई. त्यो जोर बाहेर जायाला पुरत न्हाय, आन् आत राहायाला लई होतोय."

"मग सांगायचं नाही? स्लॉट गेला असता तुझा!"

"नणंदेला कसं सांगू? तुमी घरी जाऊन चार दिवस तोंड फुगवून बसला असता."

मी विचार केला. "दोन दिवस," मी म्हटलं.

"व्हय का."

"बरं, आता सांग. सगळं सांग."

ही चूक झाली. स्कूटीवर मागं बसून वहिनीनं कोर्टपासून घरापर्यंत सांगितलं. पाय हलत न्हाईत. रॅकेट खाली लोंबतीय. मधला बॉल माझा असतोय, त्यो घेऊ नका. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला पण ऐकत होता आणि मान हलवत होता. एवढं साठवून ही बाई रोज माझ्या ताटात गरम भाकरी वाढत होती.

सोमवारी सकाळी सहाला आम्ही परत कोर्टवर होतो, मी भाड्याची गोल रॅकेट घेऊन. पहिलाच बॉल उंच आला. माझा खांदा मागं गेला.

"ताई," वहिनी म्हणाली. हळूच. एवढंच.

मी लॉब टाकला.