अकरा हंड्यांचा पंचनामा

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी गाड्या एकावर एक उभ्या करायची यंत्रं बसवली. बटण दाबलं की गाडी वर, दुसरं दाबलं की खाली. त्या यंत्राच्या खड्ड्यात सारखं पाणी साचतं म्हणून बैठक बसली. सगळे म्हणाले, मोठा पंप लावा. मी विचारलं, "पण हे पाणी येतंय कुठून? ह्या जागी आधी काय होतं?" सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. सेक्रेटरी हसून म्हणाले, "साहेब, तुमचा पोलिसी स्वभाव काही जायचा नाही." पोलिसी स्वभाव! तो योग्य वेळी जागा असता तर हे लिहायची पाळीच आली नसती.

नोकरीत मी खून उघडकीस आणले, दरोडेखोर पकडले. ते किस्से सांगायला मला कुणाचा आग्रह लागत नाही. हे प्रकरण मात्र मी घरीसुद्धा धड सांगितलेलं नाही. अकरा हंडे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत, म्हणून आज लिहून टाकतो. नावं कुणाचीच देत नाही. चूक कुणाची ते मात्र लपवणार नाही.

तेव्हा मी जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाणं लहान. सकाळची हजेरी, स्टेशन डायरीच्या नोंदी, घाटातले मोटरसायकलचे अपघात, बांधावरची भांडणं, असा दिवस जायचा. सूर्यमाळकडे चढणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला मुंबईच्या एका शेठनं बंगला बांधला होता. जागा उताराची आणि चिंचोळी. आत गेलेली गाडी वळवायला वाव नाही, आणि उलटी बाहेर काढावी तर खाली दरी. म्हणून शेठनं अंगणात गाडी फिरवायची चकती बसवली होती. भली मोठी लोखंडी चकती, वर फरशी. गाडी तिच्यावर उभी करायची, बटण दाबायचं, चकती गाडीसकट फिरून तोंड फाटकाकडे करते. फाटक मोबाइलवर उघडायचं. गाडीवर ऊन आलं की छत आपोआप पुढे सरकायचं. खालच्या पाड्यातले लोक त्या चकतीला 'शेठचं जातं' म्हणत.

बंगल्याच्या वास्तुशांतीला मला बोलावणं होतं. शेठ बोलायला गोड माणूस. म्हणाले, "साहेब, तुमची जीप फिरवू द्या एकदा." मी जीपमध्ये बसलो आणि त्यांनी बटण दाबलं. जीप अलगद फिरायला लागली. मी खिडकीतून हात बाहेर काढून पोरासारखा हसत होतो. कुंपणाबाहेर पाड्यातल्या बायका उभ्या होत्या. फिरता फिरता त्या समोर आल्या तेव्हा मी त्यांनाही हात केला. एकीनंही उलट हात केला नाही. मला वाटलं, बावरल्या असतील.

पुढच्या एप्रिलात शेठची फिर्याद आली. ते एरवी शनिवारी येत, त्या आठवड्यात पाहुणे घेऊन मंगळवारीच आले. गाडी चकतीवर घेतली, बटण दाबलं, आणि खालून धूर आला. खड्डा पाण्यानं भरलेला, मोटर जळून खाक. साचलेलं पाणी बाहेर फेकायला खड्ड्यात पंप होता, त्याची वायर कुणीतरी काढून ठेवली होती. झाकणाचे नट सैल होते. शेठ म्हणाले, "हे मुद्दाम केलंय. बांधकामाच्या वेळीच इथल्या लोकांनी कुरबुर केली होती." मी आगळिकीचा, म्हणजे मुद्दाम नुकसान केल्याचा, आणि अतिक्रमणाचा गुन्हा दाखल करून तपास स्वतःकडे घेतला. ज्यानं माझी जीप फिरवली त्या माणसाचं काम हवालदारावर सोपवणं मला बरं दिसेना.

दोन दिवसांत खबर मिळाली. फाट्यावरचा चहावाला आमचा जुना खबऱ्या. कानाशी लागून म्हणाला, "साहेब, दुपारचं शेठच्या मागच्या फाटकातून बाया निघतात. डोक्यावर हंडे. हंड्यावर फडकं झाकलेलं."

फडकं झाकलेलं! माझं डोकं भराभर चाललं. तांब्याची तार, सुटे भाग हंड्यातून जात असणार. त्या उन्हाळ्यात हंड्यावर फडकं का झाकतात, हे कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. पाणी हिंदकळून सांडू नये म्हणून! पण ज्याच्या घरी नळ आहे त्याला असले प्रश्न पडत नाहीत.

पुढच्या बुधवारी भर दुपारी सापळा लावला. दोन पंच घेतले, महिला शिपाई घेतली. सात बाया फाटकातून निघाल्या. चौघींच्या डोक्यावर दोन दोन हंडे, तिघींच्या डोक्यावर एकेक. मी पुढे होऊन फडकी काढायला लावली.

आत पाणी होतं. नुसतं पाणी.

तिथंच मी त्यांना जाऊ द्यायला हवं होतं. पण पंच आणलेले, कागद काढलेले, शेठ फोनवर ताटकळलेले. रिकाम्या हातांनी परतायला मला जड गेलं. बंगल्याच्या आवारातून नेलेलं पाणी ही चोरीच, आणि हंडे हे चोरीचं साधन, असं मी ठरवून टाकलं. बायकांना नोटिसा दिल्या आणि हंडे जप्त केले. भरलेला हंडा मुद्देमाल म्हणून कसा नेणार? मी हुकूम सोडला, "ओता."

शिपायांनी अकराच्या अकरा हंडे आवारात नेऊन त्या चकतीवर उपडे केले. एक म्हातारी तेवढी पुढे आली, पडत्या धारेखाली पदर धरला, भिजवून घेतला आणि शेजारच्या पोटुशी सुनेच्या डोक्यावर ठेवला. पंच सह्या करत होते. मी घड्याळात बघून वेळ लिहिली.

माझा हवालदार जव्हारचाच, मुरलेला माणूस. जीपमध्ये हळूच म्हणाला, "साहेब, ह्या बायांच्या घरात दुसरी भांडी नसतील."

"मग पंचनाम्यात तसं लिहू का?" मी खेकसलो.

बंगल्याच्या राखणदाराला त्याच संध्याकाळी ठाण्यात आणला. चाळिशीचा, हडकुळा, त्याच पाड्यातला. मी समजत होतो, तो आढेवेढे घेईल. त्यानं पहिल्याच प्रश्नाला कबुली दिली.

"पंप मीच बंद करायचो साहेब. शेठ गेले का वायर काढायची, शुक्रवारी परत लावायची."

"कशाला?"

"पानी साठावं म्हणून."

"कुणी सांगितलं होतं?"

"कोनी नाय."

"खड्ड्यातलं घाण पाणी साठवून काय करणार? खरं बोल!"

"घान नाय साहेब. प्यायाचं पानी आहे."

मला तो उडवाउडवी करतोय असं वाटलं. त्याच्यामागे कुणीतरी आहे, शेठशी वैर असलेला, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी हात उचलला. दोनदा. हे लिहू नये असं पुष्कळदा वाटलं, पण बाकीचं लिहून हे गाळलं तर लिहिण्यात काय अर्थ? त्यानं गाल चोळला नाही की रडला नाही. एवढंच म्हणाला, "मला ठेवा साहेब. हंडे सोडा." मी हसलो आणि म्हणालो, "मुद्देमाल म्हणजे काय बाजार आहे का, एक ठेवा नि एक सोडा?"

दुसऱ्या दिवशी जप्तीचा अहवाल कोर्टात गेला. तिसऱ्या दिवशी हवालदार जुन्या बारनिशीतून, म्हणजे आवक टपालाच्या दप्तरातून, एक अर्ज घेऊन आला. मीच त्याला सांगितलं होतं की पाड्यातल्या लोकांनी आधी काही कुरबुर केली असेल तर शोध, आपल्याला हेतू दाखवता येईल. अर्ज हातात पडताच मी खूश झालो. वीसेक अंगठे होते. हेतू सापडला!

मग वाचला. शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेतलेला असावा, अक्षर सुरेख होतं. बंगल्याचं काम चाललं आहे त्या जागी आमचा झिरा आहे, खडकातून बारमाही पाझरतो, उन्हाळ्यात साऱ्या पाड्याला तेवढंच पाणी आहे, तो बुजवू देऊ नये, किंवा आम्हाला बाहेर एक नळ तरी द्यावा. खाली लाल शाईत शेरा होता: 'दखलपात्र नाही. दप्तरी दाखल.' आणि त्याखाली माझी सही.

मी तो अर्ज वाचला नव्हता. टपालाच्या ढिगातून एकामागून एक शेरे मारत गेलो, त्यातलाच तो एक. हवालदार समोर उभा होता. त्यानं सही माझ्याआधी पाहिली होती हे मला त्याच्या नजरेवरून कळलं. मी खुर्चीतून उठलो तो थेट कोठडीशी गेलो. राखणदाराला विचारलं, "तिथं झिरा होता हे तू मला का नाही सांगितलंस?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांगितलेला ना साहेब, अर्जात. अंगठा आहे माझा. खड्डा मीच खनला. मजुरीवर होतो. पानी लागलं तेवा मिस्तरी बोलला, दाब वरून सिमेट. मी दाबलं. पन तो कुठं दबतो? मग शेठनं राखनीला ठेवलं. रोज पंप पानी उपसून दरीत फेकायचा, आन् खाली बाया दोन कोस चालायच्या. बघवंना मला."

जामिनाची व्यवस्था होताच त्याला सोडला. त्याच दुपारी मी बंगल्यावर जाऊन झाकण उघडून घेतलं. जळक्या मोटरच्या बाजूला, सिमेंट फोडून, खडकाच्या भेगेतून बोटभर धार येत होती. पाणी इतकं नितळ की तळाचे नट मोजता यावेत. ज्या जागेवर मी जीपमध्ये बसून गोल फिरलो होतो, बरोबर तिच्याखाली. बायका कुंपणाबाहेर का गप्प उभ्या होत्या ते मला त्या वेळी कळलं. आपल्या झिऱ्यावर साहेब खेळतोय, हे त्या बघत होत्या.

आता हंडे परत द्यायला धावाधाव केली. पण कागद कोर्टात गेला होता, आणि कागद माझ्यासारखा शरमत नाही. सुपुर्दनाम्यावर मुद्देमाल सोडवायचा तर मालकानं अर्ज करायचा, वस्तू आपली असल्याचा पुरावा द्यायचा, हमी द्यायची. लग्नात आलेल्या हंड्याची पावती कोण जपून ठेवतं? त्यात उन्हाळी सुट्टी लागली. हंडे मुद्देमाल खोलीत ओळीनं पालथे पडून राहिले. प्रत्येकावर माहेरचं नाव कोरलेलं, आणि माझ्या माणसांनी लाखेचं सील नेमकं त्या नावांवर लावलेलं. पाड्यातल्या बायका रंगाचे डबे नि तेलाचे पत्रे घेऊन दोन कोसांवरून पाणी आणत होत्या. एकदा जव्हारच्या बाजारात मी भांड्यांच्या दुकानापुढे बराच वेळ उभा राहिलो. अकरा हंडे घेऊन पाड्यावर जावं असं मनात होतं. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, आणि मी तसाच परतलो. नंतर कळलं, हवालदार गुपचूप चार हंडे देऊन आला होता. मला सांगितलं नाही. मी तरी कोणत्या तोंडानं विचारणार होतो?

गुन्ह्यात मी सी समरी पाठवली, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला असं कळवलं. गैरसमज कुणाचा, ते लिहायला त्या नमुन्यात रकाना नसतो. शेठना मी जाऊन सगळं सांगितलं. ते ओशाळले, हेही नमूद करतो. त्यांनी पंपाचा पाइप कुंपणाबाहेर काढून दिला. आता पाड्याला पाणी मिळतं, पण पाड्याच्याच झिऱ्याचं पाणी शेठच्या बटणावर. त्या पाइपाच्या उद्घाटनाचा नारळ माझ्याच हातानं फोडला. टाळ्या वाजल्या. राखणदार त्या कार्यक्रमाला नव्हता. त्याची नोकरी गेली होती, तो वसईकडे वीटभट्टीवर गेला होता. त्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

ह्या प्रकरणानं मला काय शिकवलं? तपासात आपण सदैव दुसऱ्याचं बोट कुठं उमटलंय ते शोधतो. आपलं बोट आधीच कागदावर उमटलेलं असू शकतं, हे कुठल्याही प्रशिक्षणात मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एकही अर्ज न वाचता दप्तरी दाखल केला नाही. पण ही काही फुशारकी मारायची गोष्ट नाही. ते माझं कामच होतं.

हंडे सुटले तेव्हा शेतं भाताच्या रोपांनी हिरवी झाली होती. सातही जणी ठाण्यात आल्या. म्हातारीनं आपला हंडा ओळखला, नखानं लाख खरवडून नाव मोकळं केलं. ताबापावतीवर तिचा अंगठा घेतला. शाईनं काळा झालेला अंगठा ती हवेत धरून उभी राहिली. मी शिपायाला म्हणालो, "आजींच्या हातावर पाणी घाल रे."

शिपाई तांब्या भरून आला. बाहेर ओढे वाहत होते, ठाण्याच्या पागोळ्यांखाली पिंप भरून सांडत होतं.

म्हातारीनं हात मागे घेतला. "ऱ्हाऊ दे साहेब," ती म्हणाली, "उगा पानी सांडल." आणि अंगठा आपल्या केसांना पुसून तिनं हंडा उचलला.