चार नंबरच्या केबिनचं दार

हे लिहावं की नाही, या विचारात बरेच महिने गेले. आमच्या घरात देवापुढे दिवा लागतो, गणपती बसतात... तेवढंच. दाराला लिंबू-मिरची कधी लागली नाही. मी फिजिक्समध्ये बीएस्सी केलेली. कोणी असले किस्से सांगायला लागलं की "मग पुढे काय, पाय उलटे होते का?" म्हणून पहिली चेष्टा मीच करायचे. ज्यांची केली त्यांनी आज माझ्यावर हसून घ्यावं, त्यांचा हक्क आहे.

मी सांगलीची. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण मेघना साताऱ्याची. आम्ही दोघी मिळून एक छोटं काम चालवतो – कंपन्यांच्या ट्रेनिंग व्हिडिओंना मराठी आवाज आणि सबटायटल्स द्यायचं. टीम पाच जणांची. सगळे आपापल्या घरून काम करायचे आणि तिथेच पंचाईत होती. मी रेकॉर्डिंगला बसले की शेजारच्या प्लॉटवर ड्रिल मशीन सुरू व्हायचं, नाहीतर सासऱ्यांची बातम्यांची वेळ झालेली असायची. मेघनाच्या घरी लहान बाळ. दोन क्लायंटनी रेकॉर्डिंग परत पाठवल्यावर ठरवलं, आता एक शांत जागा घ्यायचीच.

दोन जागा शेवटपर्यंत उरल्या. एक साताऱ्यात, एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपचं कोवर्किंग – भाड्याने बसायचं सामायिक ऑफिस – केलं होतं. मोठ्या खिडक्या, समोर अजिंक्यतारा, पण पलीकडच्या शेडमध्ये ग्राइंडरची किरकिर. दुसरी सांगलीत, तासगाव रस्त्याच्या बाजूला. ते पूर्वी बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं. नाव मुद्दाम देत नाही, जागा आजही चालू आहे.

ती जागा पाहिली आणि मी प्रेमातच पडले. हातभर जाडीच्या भिंती, आतून इन्सुलेशन तसंच ठेवलेलं. टाळी वाजवली तरी घुमत नव्हती. जागा चालवणारा प्रणव पुण्यातली नोकरी सोडून आलेला, तिशीचा, हौशी. मागच्या बाजूच्या चार नंबरच्या केबिनला त्याने जुन्या कोल्ड रूमचं अवजड दार शोभेसाठी ठेवलं होतं. ते कायम उघडं, कॉरिडॉरच्या भिंतीला साखळीने अडकवलेलं. ये-जा करायला आत काचेचं सरकतं दार होतं.

"या जुन्या दाराला आतून हँडल नाही?" मी विचारलं.

"होतं मॅडम, बटबटीत दिसत होतं, काढून टाकलं. हे दार बंद करायचंच नाहीये ना."

करार दोन वर्षांचा होता. मेघना म्हणाली, "तू एक दिवस बसून बघ. तुला पटलं की आपण सही करू. माझा तुझ्या कानांवर विश्वास आहे."

मे महिन्यातला मंगळवार. सकाळी अकराला टीमचा रोजचा व्हिडिओ कॉल; मेघना त्या दिवशी नव्हती, बाकी तिघे होते. मी काचेचं दार लावून, हेडफोन घालून बसले. दहाएक मिनिटांनी आमच्या टीममधला वाईचा मुलगा – सबटायटल्स तोच बघतो – म्हणाला, "ताई, तुमच्याकडे कोणीतरी दार वाजवतंय. बघून घ्या, आम्ही थांबतो."

मी मान वळवली. काचेपलीकडे कॉरिडॉर रिकामा.

"कोणी नाही रे."

"मला पण येतोय आवाज," टीममधली दुसरी मुलगी म्हणाली. "आत्ता पण आला. जाड आवाज आहे, लाकडावर मारल्यासारखा."

हेडफोन काढून ऐकलं. काहीही नाही... आणि त्या खोलीत शांतता म्हणजे इतकी की स्वतःचा श्वास ऐकू यावा. पाइप असेल, एसीचं युनिट असेल, असं म्हणून मी माइक म्यूट केला. मनात मात्र खटकलं. माझे कान चांगले आहेत, माझं कामच कानांचं आहे. माइकला ऐकू येतंय आणि मला नाही, असं कसं?

दुपारी तीनच्या सुमाराला वीज गेली. इन्व्हर्टरवर दिवे आणि इंटरनेट चालू, एसी बंद. उकडणार म्हणून मी काचेचं दारही सरकवून ठेवलं. म्हणजे आता दोन्ही दारं सताड उघडी. तशीच बसून मेघनाला कॉल लावला, जागेबद्दल शेवटचं ठरवायला.

"वैशू," ती दोन मिनिटांतच म्हणाली, "आधी त्या माणसाला आत घे बाई. केव्हाचा ठोकतोय."

"मेघना, दार उघडंच आहे."

ती स्क्रीनच्या जवळ आली. मग म्हणाली, "मग ठोकतोय कशावर?"

आम्ही दोघी साऊंडमधल्या. घाबरायच्या आधी आम्ही तपासायला लागलो. मी माइक डावीकडच्या भिंतीजवळ नेला. "कमी झाला." उजवीकडे. "कमीच." उघड्या दारातून कॉरिडॉरकडे धरला. "नाही, अजिबात नाही." मग परत खोलीच्या मध्ये, खुर्चीजवळ आणला.

"इथे आहे," मेघना म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "वैशू, इथे एकदम जवळ आहे. आणि... थांब. कोणीतरी बोलतंय."

"काय बोलतंय?"

"'कोन हाय का भाईर?' असं. पुरुषाचा आवाज. म्हातारा नाहीये फार."

मला काहीच ऐकू येत नव्हतं, हे परत सांगते. मला फक्त मेघनाचा चेहरा दिसत होता स्क्रीनवर. तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले होते.

"आता विचारतोय – 'दीस हाय का रात?'"

हे ऐकून मला भीती वाटायच्या आधी कसंतरीच झालं. अंधारात किती वेळ असला म्हणजे माणूस असं विचारेल? मी का बोलले ते माहीत नाही, पण रिकाम्या खोलीला मोठ्याने सांगितलं, "दिवस आहे. दुपारचे साडेतीन वाजलेत."

"ठोकायचा थांबला," मेघना कुजबुजली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी बोटं बधिर झालीत. एसी बंद होऊन अर्धा तास झाला होता, बाहेर चाळीसचं ऊन, आणि माझी बोटं माउसवर वळत नव्हती.

एवढ्यात मेघना खुर्चीवरून उठलीच. "बाहेर ये! वैशू, बाहेर हो आत्ताच्या आत्ता!"

तिचा तो आवाज मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. हेडफोन टेबलावर टाकून मी धावले. कॉरिडॉरमध्ये पाऊल टाकलं आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली, पूर्ण पांढरी. समोरचं काही दिसेना. आणि मागे तो आवाज झाला. धप्प. तो मात्र मलाही ऐकू आला, आख्ख्या बिल्डिंगला ऐकू आला.

चष्मा पुसून पाहिलं तर ते जुनं दार बंद झालेलं. बाहेरचा खटका आपोआप बसलेला.

प्रणव पळत आला. त्याने खटका ओढला, उघडेना. दोघातिघांनी मिळून ओढला, उघडेना. शेवटी शेजारच्या गॅरेजमधून पहार आणली. चाळीस मिनिटं लागली. आत सगळं जसंच्या तसं. माझा लॅपटॉप, पाण्याची बाटली, वीज नसल्याने बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन.

साखळी भिंतीवर लोंबत होती. तुटलेली नाही, आकडा वाकलेला नाही. कोणीतरी हाताने उचलून काढावी तशी निघालेली. कॉरिडॉरच्या त्या टोकाला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. हे मी नाही, प्रणवने कॅमेऱ्यात बघून सांगितलं. दार त्या कॅमेऱ्याच्या कोनात येत नाही, तिकडे जाणारा कॉरिडॉर येतो.

"मॅडम, तुम्ही आत असता तर..." एवढंच म्हणाला आणि तिथल्याच पायरीवर बसला.

फोन आतून मिळाला. मेघनाचे सव्वीस मिस्ड कॉल. दार लागलं तेव्हा कॉल तुटला होता. मी बाहेर पडले की नाही, तिला कळलंच नव्हतं. मी लगेच फोन केला, तर ती गाडीत, कराडच्या जवळ आलेली. "सुखरूप आहेस हे कळलं, पण मी येतेय," म्हणाली. सहाच्या आसपास माझ्या घरी पोचली, आणि दारातच माझे दोन्ही दंड धरून म्हणाली, "आधी तुला नीट बघू दे." मग रडली. सासऱ्यांनी न विचारता टीव्ही बंद केला.

आमचे कॉल रेकॉर्ड होतात. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकलं. त्यात मी आहे, मेघना आहे. ठोके नाहीत, आवाज नाही. "दिवस आहे, दुपारचे साडेतीन वाजलेत," हे मी कोणालातरी सांगतेय, आणि आधी-नंतर नुसती शांतता. सकाळच्या कॉलमध्येही तसंच. पण सकाळी टीममधल्या तिघांनी ऐकलं होतं, त्यांना आम्ही वेगवेगळं विचारलं. तिघांनीही लाकडावरचे ठोके असंच सांगितलं.

आम्ही साताऱ्याची जागा घेतली, हे वेगळं सांगायला नको.

पण माझं डोकं शांत बसेना. माझं माहेर कुंडलचं. मामांच्या ओळखीने कळलं की त्या कोल्ड स्टोरेजमध्ये कंप्रेसरवर असलेले दत्तूनाना आता गावातच असतात. गेले. मला वाटलं होतं, एखादा कोंडून मेलेला कामगार वगैरे निघेल आणि निदान गोष्ट पूर्ण होईल.

"न्हाई ओ ताई," नाना म्हणाले. "बावीस वर्सं काडली मी तितं. कोन मेलं न्हाई. पयल्या दिसापास्नं मी हुतो, मला ठावं नसतं व्हय?"

"मग तुम्हाला कधी काही ऐकू आलं?"

नानांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "आत एक बेल असायची. कोन चुकून अडाकलं तर दाबाय. ती वाजायची. जाऊन बगावं तर आत निस्ती खोकी. वायरमननं दोनदा बेल बदलली. मग वैतागून वायरच काडली मालकानं."

"मग थांबलं?"

"मग ठोकं याय लागलं."

"मग तुम्ही काय करायचा?"

"काय करनार? जायाचं, दार उगडायचं, 'चला भाईर' म्हनायचं, पुन्ना लावायचं. एक डाव पोरांनी कट्टाळा केला. 'त्येच हाय, बसा' म्हनली. मी म्हनलं, बगून तरी येतो. तर आत खरंच कामावरची एक बाई अडाकल्याली. हात निळं पडल्यालं तिचं." नाना माझ्याकडे बघत राहिले. "मानूस हाय का न्हाई, हे दार उगडल्याबिगार कसं कळनार, सांगा बरं?"

कुंडलहून परत येताना मी तासगाव रस्त्याला गाडी वळवली. प्रणवने ते जुनं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं होतं. चार नंबरमध्ये आता प्रिंटर आणि कागदांचे गठ्ठे ठेवतात. मी त्याला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं आणि आत जाऊन म्हणाले, "चला, बाहेर या." काही झालं नाही. मलाच ओशाळल्यासारखं झालं आणि मी निघून आले.

मग दिवाळीत मेघना घरी आली होती. फराळ करता करता मधेच म्हणाली, "वैशू, त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलंय. मी तुला ओरडले ना, बाहेर ये म्हणून. ते मी माझ्या मनाने नाही ओरडले."

"म्हणजे?"

"तू त्याला वेळ सांगितलीस. तो थांबला. मग एकदम घाईने म्हणाला, 'ताई, माजं ऱ्हाऊ द्या. तुमी आदी भाईर व्हा, दार लागतंय.'"

ती हे इतके महिने का बोलली नव्हती, ते मी विचारलं नाही. तिच्या हातातली चकली तशीच राहिली होती.

आजही कोणी विचारतं, नक्की काय होतं तिथे? मला माहीत नाही. कोणी मेलं नव्हतं, रेकॉर्डिंगमध्ये काही नाही, आणि ज्या आवाजाबद्दल लिहितेय तो मी स्वतः एकदाही ऐकलेला नाही. एवढंच माहीत आहे की जे कोणी आत होतं, त्याला बाहेर यायचं होतं. आणि दोन्ही दारं उघडी असताना त्याने आधी मला जायला सांगितलं. तो स्वतः का निघाला नाही, याचं उत्तर ना माझ्याकडे आहे, ना मेघनाकडे.