मुले रोज पळतात

माझं अक्षर चांगलं आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगायला आता उरलेलं नाही. त्या अक्षराच्या जोरावर एकोणिसाव्या वर्षी मला वऱ्हाडात पंतोजीची नोकरी मिळाली, आणि त्याच वळणदार अक्षरात, बोरू तासून त्याला नवी कत देऊन, मी एक वाक्य असं लिहिलं की शाळा बुडायची वेळ आली.

गाव चांदूर बाजारापासून दोन कोसांवर. कापसाचे तेव्हा सोन्याचे दिवस होते. सातासमुद्रापलीकडच्या कापसाच्या मुलखात भावाभावांत लढाई जुंपली होती म्हणे, आणि त्यांच्या भांडणाची चांदी आमच्या गावच्या पोरांच्या कमरेला लटकत होती. एकेकाचा करदोडा करंगळीएवढा जाड. अंगात मात्र सदरा नाही, पायात वहाण नाही. मी पुण्याकडचा, मला नाक मुरडायला कारण लागत नसे. इथे तर कारणांचा सुकाळ होता.

शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या धर्मशाळेतली एक खोली. ती बांधली होती गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याच्या बापानं, त्यामुळे शब्द त्या शेतकऱ्याचा चाले. काळ्या जमिनीसारखाच माणूस, कोरडा असला की भेगाळलेला आणि भिजला की पाय धरून ठेवणारा. पहिल्याच दिवशी त्यानं मला बजावलं, "पंतोजी, दिवायीपर्यंत बसा. मंग कापूस घरात मावला नाही त खोली मले लागन." वेचणीत गावात दुसरं रिकामं छप्पर उरत नसे. गोठ्यात कापूस, माळ्यावर कापूस, गेल्या साली एका घरी तर पाळणा अंगणात आला होता आणि पाळण्याच्या जागी कापूस. खोली गेली की शाळा गेली, हे मला तेव्हाच कळलं.

वऱ्हाडी जिभेला ळ सोसत नाही. डोळ्याला डोया, काळ्याला काया, दिवाळीला दिवायी. दोन महिने मी तो ळ त्यांच्या जिभेवर बसवायला झटलो. जिभा त्यांच्या होत्या, हट्ट माझा होता, आणि हरलो मीच. पोरं गुणी होती, पण झोपाळू. पहाटेपासून शेतात राबून यायची आणि पाढे सुरू झाले की माना टाकायची. एक दिवस सतराच्या पाढ्याला सगळा वर्ग पेंगला. माझा स्वभाव आधीच तापट. मी छडी आपटली आणि ओरडलो, "उठा सगळे! त्या नाल्यावरच्या बाभळीला शिवून या! पळा!"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "पया म्हणून राहिले रे पंतोजी!" आणि बावीसच्या बावीस पोरं सुटली.

मला वाटलं होतं, दमून येतील आणि गप्प बसतील. आली ती तोंडं लाल, छात्या वरखाली, आणि डोळे असे टक्क उघडे की मीच दचकलो. सतराचा पाढा आठवडाभर अडखळत होता, तो त्या दिवशी तिसऱ्या फेरीला सरळ निघाला. मग मी नियमच केला: एक पाढा, एक दौड. कोणी धोतराचा सोगा दातात धरून पळे, कोणी डोळे मिटून, एक जण तर सारखं मागे वळून पाही आणि हमखास पडे. एक लठ्ठ पोरगा रोज शेवटचा यायचा आणि रोज सांगायचा, "आज मी जोरात पयालो, पंतोजी, पण हे बाकीचे त्याच्याहून जोरात पयाले." हे गणित मी खोडू शकलो नाही. चांदीचे करदोडे दौडीत खुळखुळत, म्हणून ते सगळे माझ्या मेजावर काढून ठेवायची पद्धत पडली. इतका विश्वास त्या गावानं माझ्यावर कधी टाकला, हे मला कळलंही नाही.

"तुमी नाही पयत?" एका चिमुरड्यानं विचारलं. मान राखायचा म्हणून मी कासोटा खोवला आणि पळालो. दहा पावलांत पायात सराटा घुसला. पोरं इतकी हसली की त्या दिवशी पाढा झालाच नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

शेतकरी मात्र चिडला. "शायेत पोट्टे शिकायले धाडले का पयायले? पाय मोडले त वेचन कोण?" मी पुणेरी उत्तर देणार होतो, पण त्याचा स्वतःचा मुलगा मध्येच म्हणाला, "बाबा, सतराचा पाढा म्हनू?" आणि त्यानं तो म्हटला. बापाला पाढा कळत नव्हता, पण पोरगा थांबत नाही हे कळत होतं. तो तसाच वळून निघून गेला.

दिवाळी झाली आणि वेचणी सुरू झाली. दव असेपर्यंत कापूस स्वच्छ निघतो. ऊन चढलं की वाळक्या पानांचा चुरा त्यात मिसळतो. म्हणून पहाटेचे हात सोन्याचे, आणि लहान हात तर बोंडात आणखी चांगले शिरतात. शाळा आता संपलीच असं मी धरून चाललो होतो. तरी शेवटचं म्हणून शेतकऱ्याकडे गेलो आणि तह केला. पोरं पहाटे वेचतील. ऊन चढलं की मी देवळाची घंटा वाजवीन आणि ती शेतातून थेट शाळेत पळत येतील. दौड तीच, फक्त उलटी. अर्धी खोली कापसाला, अर्धी शाळेला. त्यानं तंबाखू चोळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "बरं. पण ज्या दिवशी शाया रिकामी दिसन, त्या दिवशी आखी खोली माही."

आणि पोरं यायची! घंटा झाली की पऱ्हाटीच्या रांगांतून डोकी वर येत आणि चारी बाजूंनी गावाकडे सुटत. त्यांच्यात एक मुलगी असे, आठेक वर्षांची, त्या शेतकऱ्याचीच. भावाबरोबर वेचायची आणि भावाच्या पुढे पळायची. सगळ्यांत आधी पायरीला हात लावायची, आत पोरं शिरताना पाहायची आणि तशीच वळून शेतात जायची. मी तिला एकदाही आत बोलावलं नाही. मुलीचं नाव हजेरीच्या तक्त्यात घालावं की नाही, याचा हुकूम माझ्याकडे नव्हता, असं मी स्वतःला सांगत असे. खरं कारण म्हणजे खोली तिच्या बापाची होती आणि मी भित्रा होतो.

महिनाअखेर शाळा तपासणाऱ्या सरकारी रावसाहेबांकडे तक्ता पाठवायचा होता. रावसाहेब अमरावतीला बसत. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेरा लिहायच्या रकान्यात मी अभिमानानं लिहिलं: "वेचणी सुरू झाल्यापासून सर्व मुले रोज पळतात." अक्षर इतकं सुरेख उतरलं की मी ते दोनदा वाचलं. त्यात काय लिहिलंय ते मात्र एकदाही वाचलं नाही.

आठ दिवसांनी उत्तर आलं. "वेचणी सुरू झाल्यापासून सर्व मुले रोज पळतात, हे आपल्याच लेखणीने कळविल्याबद्दल आभारी आहे. इतर शाळांचेही हेच रडगाणे आहे. सबब येत्या सोमवारी समक्ष पाहून आपली शाळा बंद करण्यात येईल."

तेव्हा कुठे मी माझं वाक्य खरोखर वाचलं. त्या दिवसांत वऱ्हाडातल्या प्रत्येक पंतोजीचा तक्ता एकच सांगत होता: मुले पळाली, शेतात पळाली, वेचणीला पळाली. त्या ढिगात माझं वाक्य पडलं, आणि रावसाहेबांनी ते दुसरं कसं वाचावं? खुलाशाचं पत्र पोचायच्या आत रावसाहेबच पोचणार होते. पोरांना सांगितलं तेव्हा त्यांना आधी हसू आलं आणि मग आलं नाही. शेतकरी ऐकून एवढंच म्हणाला, "आता त सरकारच बंद करून राहिलं. मी काय करू?" त्याच संध्याकाळी कापसाचा आणखी एक ढीग खोलीत येऊन पडला. आमच्या बसायच्या जागेतली दोन हात जागा त्यात गेली.

सोमवारी रावसाहेब फार लवकर आले. रात्री चांदूर बाजारला मुक्काम करून पहाटेच निघाले असावेत. उतारवयाचे, बारीक, पगडी जराही न ढळलेली. दारात उभे राहून त्यांनी आत पाहिलं. कापूस होता, पाट्या होत्या, पोर एकही नव्हतं.

"रावसाहेब, अजून घंटा व्हायची आहे," मी म्हणालो. "मुलं पळतात म्हणजे..."

"ते आपण लिहिलंय," ते म्हणाले. "वाजवा घंटा. वाजवून तर बघा."

ऊन चढलं नव्हतं. त्यातून त्या दिवशी वेचणी सगळ्यात लांबच्या शेतात, नाल्यापलीकडे होती. तिथवर आवाज पोचेल की नाही याची मला खात्री नव्हती. मी घंटा वाजवू लागलो. हात भरून आला तरी वाजवत राहिलो. रावसाहेब पायरीशेजारच्या ओट्यावर बसले, त्यांनी दौत उघडली, गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहायला लागले. मला त्या घंटेचा, त्या कागदाचा आणि स्वतःच्या सुरेख अक्षराचा भयंकर राग आला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही.

मग नाल्याच्या बाजूनं धुरळा उठला.

पोरं येत होती. रोजच्यासारखी नव्हे, त्याहून जोरात. कमरेच्या ओट्या रिकाम्या करायलाही ती थांबली नव्हती. प्रत्येकाच्या पोटाशी कापसाचा फुगा, त्यामुळे सगळीच लठ्ठ दिसत होती, आणि खरा लठ्ठ आज मधोमध होता. वाटेत कापूस सांडत होता. एक पडला, उठला आणि पुन्हा पळायला लागला. ती धडाधड खोलीत शिरली आणि उरलेल्या जागेत एकमेकांना चिकटून बसली. खोलीत नुसते श्वास ऐकू येत होते.

रावसाहेबांची लेखणी थांबली होती. ते उठले आणि बोटानं मोजायला लागले. आतली पोरं मोजली, पायरीवर नजर गेली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"तक्त्यात बावीस आहेत," ते म्हणाले. "इथे तेवीस कशी?"

मी काही बोलणार तोच शेतकरी धापा टाकत येऊन पोचला. हातात पोराचा गळालेला शेला, डोक्याचं मुंडासं सुटलेलं. "पयाले!" तो ओरडला. "अर्धी रांग टाकून सारेच्या सारे पयाले!"

"कुठे पळाले?" रावसाहेबांनी विचारलं.

"कुठी म्हंजे?" त्यानं खोलीकडे हात केला. "अठीच त पयाले न, बावा! रोजच पयतात!"

रावसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग ते हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाणी दिलं. अर्धवट लिहिलेला कागद त्यांनी चार घड्या करून बाराबंदीत टाकला. "पंतोजी," ते म्हणाले, "यापुढे 'धावतात' लिहीत चला." आणि शेतकऱ्याकडे वळून, आवाज बदलून म्हणाले, "शाळा मी बंद करत नाही. पण जागा तुमची आहे. या कापसात इतकी मुलं मावायची नाहीत. आता तुम्ही बोला."

 शेतकऱ्यानं खोलीतल्या ढिगाकडे पाहिलं.  मग त्याची नजर पायरीवर आली. तिथे त्याची मुलगी उभी होती, एक हात चौकटीला, दुसरा पोटाशी कापसावर. रोजच्यासारखी ती मागे फिरली नव्हती आणि आतही येत नव्हती. तिला अजून दम लागलेला होता. बापाला बघून ती पाऊल मागे घ्यायला लागली.

शेतकरी तिच्याजवळ गेला. खाली बसून त्यानं तिच्या ओटीची गाठ सोडली, कापूस हातातल्या शेल्यात घेतला आणि म्हणाला, "जाय न वं आत. एवढी पयत आली, आता काहून थांबली?"