बी गटात उतरलो ते वर्ष

शिवाजी पेठेतली आमची तालीम नावाला कुस्तीची, पण तिथं लाल मातीपेक्षा फुटबॉलचीच चर्चा जास्त. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी तालमीच्या संघात बॅक खेळायचो आणि अक्षर बरं म्हणून चिटणीसही होतो. त्या वर्षी आमचे ग्रहच फिरले होते. शहराच्या लीगमध्ये ए गटातले शेवटचे दोन संघ पुढच्या वर्षी बी गटात उतरायचे, आणि आम्ही शेवटून तिसरे होतो. एकच सामना उरला होता. बरोबरी केली तरी वाचणार होतो. हरलो तर बी गट. बी गट म्हणजे भर दुपारचं ऊन, बघायला चार माणसं आणि पेठेतून जाताना मान खाली.

नेमके तेव्हाच माझे दाजी अमेरिकेहून महिन्याच्या रजेवर आले होते. इंजिनियर माणूस, तांबड्या रश्श्याला आसुसलेला. माझं उतरलेलं तोंड बघून त्यांनी कारण विचारलं, आणि ऐकून चक्क हसले. तिकडच्या लीगमध्ये म्हणे असलं काही नसतंच. संघ शेवटचा आला तरी पुढच्या वर्षी तिथंच खेळतो. उलट कॉलेजातून जे नवे खेळाडू येतात, त्यांतला सगळ्यात चांगला आधी निवडायचा मान त्या शेवटच्या संघालाच. हरणाऱ्याच्या पानात पहिलं वाढायचं, अशी ती पंगत.

मी हरखून गेलो. दुसऱ्याच दिवशी दोन फुलस्केप कागद भरून असोसिएशनला अर्ज लिहिला. कोणत्याही संघास खाली उतरवू नये, तसेच शेवटच्या संघास शहरातील नवीन खेळाडूंमधून पहिली निवड द्यावी, ही नम्र विनंती. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की अर्ज वाचून दाखवायला तालमीत दाजींनाही घेऊन गेलो.

आमचा गोलकीपर घड्याळं दुरुस्त करायचा. मुसलमान घर, त्याचा बापही आमच्याच गोलात उभा राहिलेला. दुकानात रेडिओला कान लावून तो इंग्लंडच्या सामन्यांचे निकाल ऐकायचा. तो म्हणाला की तिकडं, अख्ख्या युरोपातच, आपल्यासारखं असतं. एके काळचा विजेतासुद्धा खाली घसरतो आणि कुठल्या तरी गिरणीच्या गावाचा संघ चढत चढत वर येतो. मग त्यानं मला शांतपणे विचारलं, "पयली निवड आपली, कबूल. पर फुडल्या साली दुसरी तालीम शेवटाला आली आनि तिनं माझं पोरगं उचललं, तर?"

पोरगं आमच्या अंगणात खेळायला शिकणार आणि गोल आमच्यावरच मारणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तालमीच्या वस्तादांनी दाजींना विचारलं, तिकडं हे सगळं ठरवतं कोण? दाजी म्हणाले, संघांचे मालक. आणि मालकाला परवडेनासं झालं तर तो संघ उचलून दुसऱ्या शहरात नेतो. वस्तादांना मालक हेच काही केल्या पटेना. "म्हंजे उद्या कुनी आपली टीम उचलून उचगावला न्हेली, तर आमी हितं बसून काय करायचं?" दाजी प्रामाणिक माणूस. म्हणाले, लोक रडतात, पण संघ जातो.

अर्ज माझ्या खिशातच राहिला. दोन दिवस मी फुरंगटून होतो.

त्या उरलेल्या सामन्यात जवळजवळ शेवटपर्यंत बरोबरी होती. खेळ संपत आला असताना मी न बघताच चेंडू मागं गोलकीपरकडं ढकलला. तो पुढं आला होता. चेंडू त्याच्या बगलेनं सरळ आमच्याच गोलात गेला. संघ बी गटात उतरला आणि तो उतरवला मी.

मला कुणी एक शिवी दिली नाही, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. कामावर जायला मी लांबचा रस्ता धरला. तालमीत जाणं बंदच केलं. अमेरिकेला परत जाताना दाजींनी समजूत घातली की तिकडं असतास तर एका चुकीसाठी वर्षभर तोंड लपवावं लागलं नसतं. त्यांच्यामागोमाग विमानात बसावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

नवा हंगाम तोंडावर आला तेव्हा वस्ताद घरी आले. चहा प्यायले. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला घ्या, असं मी पुटपुटलो.

"खाली कुनी घातलं? तू. मग वर काढायला मानूस काय अमेरिकेतनं मागवायचा?"

एवढं बोलून कपबशी खाली ठेवली आणि गेले.

बी गटातला पहिला सामना दुपारी बाराला होता. मनाची तयारी करून मैदानात उतरलो आणि वर बघितलं, तर पायऱ्यांवर निम्मी पेठ. दुकानांना कुलपं लावून, डोक्यावर टॉवेल टाकून माणसं बसली होती. ए गटात असताना कधी न फिरकलेली म्हातारी माणसंसुद्धा त्या उन्हात आली होती. मला वाटलं, आता पळून जावं.

खेळ सुरू झाला आणि पहिलाच चेंडू आमच्या गोलकीपरच्या हातात गेला. पुढं चौघं मोकळे होते. त्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि चेंडू माझ्याकडंच टाकला. मला रडू आलं, आणि मी तसाच खेळलो.