वहीत नसलेली तेरवी

सुखीबाई राठोडला राग आला की ती बोलत नाही, भांडी आपटते. बाभुळगावात यवतमाळ रस्त्यावरच्या त्या बिछायत केंद्रात आपटायला भांडी भरपूर. लग्नापासून तेरवीपर्यंत जे जे लागतं ते सगळं तिथून भाड्यानं जातं: खुर्च्या, गाद्या, कनाती, चारशे माणसांचं वरण शिजेल असे गंज. हे गंज मागच्या अंगणात राख लावून घासणारी बाई म्हणजे सुखीबाई. चार वर्षं ती ते घासत होती आणि चार वर्षं आपटत होती. कारण एकच. गोदामाची चावी.

चावी असायची इंद्रजीतच्या करदोट्याला. इंद्रजीत तिच्या दिराचा मुलगा, वय सव्वीस. दीर रामधन यानं चाळीस खुर्च्या आणि दोन गंजांवर हा धंदा मांडला, आणि तो गेला तेव्हा पोरगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. कॉलेज सुटलं, धंदा मात्र पोरानं वाढवला, हे शत्रूनंही मान्य करावं. आज सहाशे खुर्च्या आहेत, छोटा हत्ती टेम्पो आहे, जनरेटर आहे. पण सहाशे खुर्च्यांपैकी एकही खुर्ची मालकाच्या हाताशिवाय गाडीत चढत नव्हती. गिऱ्हाइकाशी बोलणार तो, कनात बांधणार तो, चमचे मोजणार तो, डिझेल आणायलाही तोच पळणार. एक ना धड, भाराभर चिंध्या.

आणि नोकर? नोकर होते की. सुखीबाईचा नवरा खेमसिंग होता, इंद्रजीतचा सख्खा मामा उत्तमसिंग होता, दोघांनाही महिन्याच्या महिन्याला पगार होता. पण तांड्यात वाढलेल्या पोराला एक गोष्ट लहानपणापासून शिकवलेली असते, मोठ्याला काम सांगायचं नाही. मोठं माणूस बसलं असेल तर आपण उठायचं. म्हणून मालक खुर्च्या उचलायचा आणि काका-मामा बाकड्यावर बसून ते बघायचे. रस्त्यानं जाणारे हसत. म्हणत, राठोडांकडे उलटं आहे, मालक घाम गाळतो आणि नोकर विडी ओढतात. हे ऐकलं की सुखीबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिचा नवरा आळशी नव्हता. तीस वर्षं त्यानं लोकांच्या कापसाचे गठ्ठे उचलले होते. त्याला कुणी 'उचल' म्हणतच नव्हतं, त्याला तो काय करणार? सांगितल्याशिवाय हात घातला तर इंद्रजीत धावत येऊन म्हणायचा, राहू द्या काका, मी करतो.

हा आदर आहे म्हणे! सुखीबाईच्या मते हा शुद्ध अपमान होता, आणि माझंही मत तेच आहे. एखाद्याला पगार देऊन रोज सांगायचं की तुझ्यावाचून अडत नाही, याला आदर म्हणत असतील तर अनादर कशाला म्हणायचं? सुखीबाईचा आजा तिला लहानपणी सांगायचा, आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखातून फिरले. नायक पुढं चालायचा, कारभारी मागचं बघायचा. कुठल्या बैलाची गोणी सैल झाली हे बघायला नायक मागे पळत आला असता तर तांडा दुसऱ्या नदीलाच बुडाला असता. त्याच तांड्याचा हा पोरगा, आणि याला एक कारभारी नेमता येऊ नये!

सुखीबाईला लिहिता-वाचता येत नाही. पण कुठल्या गंजाचं कान ढिलं आहे, कुठल्या पराती राळेगावहून परत आल्या नाहीत, चारशे पानांना किती बादल्या आणि किती ओगराळी लागतात, हे ती झोपेतही सांगेल. इंद्रजीतनं तिला कधी विचारलंच नाही. त्यानं यवतमाळला जाऊन तरुण उद्योजकांचं दोन दिवसांचं शिबिर केलं आणि फोनमध्ये सगळी लग्नं भरून ठेवली. आदल्या दिवशी फोन वाजायचा, त्याला आठवण करून द्यायचा. दुकानात एक लाल वहीही होती, रामधननं सुरू केलेली आणि आता इंद्रजीत भरायचा ती. तिच्यात लग्नं होती, साक्षगंधं म्हणजे साखरपुडे होते, बारशी होती.

तेरवी मात्र नव्हती. रामधनचा नियम साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होता, लग्नाच्या वहीत तेरवी लिहायची नाही. शुभ आणि अशुभ एका पानावर येऊ द्यायचं नाही. तेरवीचा विसारही घ्यायचा नाही, पावतीही करायची नाही. दुःखातल्या माणसाला शब्द द्यायचा आणि तो पाळायचा. रामधनच्या काळी महिन्याला दोन कामं असत, शब्द लक्षात राहायचा. इंद्रजीतनं बापाचा नियम तसाच उचलला आणि फोनमध्येही तेरवी कधी भरली नाही. महिन्याची वीस-वीस कामं, आणि मेलेल्या माणसांची सगळी कामं एकट्या डोक्यात.

एप्रिलमधल्या एका शनिवारी तो वणीला गेला. तिकडच्या एका ट्रकमालकाच्या मुलीचं लग्न, हजार माणसांचं. इतकं मोठं काम पहिल्यांदाच मिळालेलं. छोटा हत्ती भरला, वरून एक भाड्याचा ट्रक भरला, ड्रायव्हर म्हणून नाइलाजानं मामाला घेतलं आणि उरलेल्या भांड्यांवर कुलूप लावून चावी करदोट्याला बांधून निघून गेला. जाताना काकीला म्हणाला, उद्या सुट्टी घे, काही काम नाही.

सुखीबाईनं सुट्टी घेतली नाही. धुतलेल्या गाद्या वाळत होत्या, त्या उलटायला रविवारी सकाळी सातलाच ती खेमसिंगला घेऊन आली. आली तर गोदामापुढं ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर उभा. स्टेअरिंगवर सदाशिवराव, डोकं तुळतुळीत भादरलेलं. राळेगाव रस्त्यावरच्या गावातले हे कास्तकार. त्यांची आई जाऊन बारा दिवस झाले होते आणि आज तेरावा.

त्यांनी सांगितलं ते असं. तिसऱ्या दिवशीच इंद्रजीतला चहाच्या टपरीवर सगळं बोलून ठेवलं होतं. भांडी शनिवारी संध्याकाळी पोचवतो म्हणाला होता. रात्रभर वाट पाहिली. फोन लागतो पण उचलत नाही. आचारी पहाटेपासून चुली पेटवून बसले आहेत, बारा वाजता चारशे माणूस पंगतीला बसणार आणि घरात दहा माणसांच्या वरणाचं पातेलं आहे.

सुखीबाई त्या म्हातारीला ओळखत होती. दहा-बारा वर्षं तिनं त्यांच्या शेतात निंदण केलं होतं. इतर शेतांत बायांना 'ए बाई' अशी हाक पडायची. ही म्हातारी स्वतः पाण्याची कळशी घेऊन पिकाच्या ओळीपर्यंत यायची आणि प्रत्येकीला नावानं हाक मारून पाणी द्यायची. तांड्यावरच्या बायांची नावं पाठ असलेली गावातली ती एकटी. आणि आज तिचंच नाव विसरलं गेलं होतं, तेही सुखीबाईच्या घरच्या माणसाकडून.

तिनं खेमसिंगच्या फोनवरून इंद्रजीतला लावायला सांगितलं. अकरा वेळा लावला. मामाचाही फोन लागेना. सूर्य वर चढला. सदाशिवराव ट्रॉलीला टेकून नुसते कुलपाकडे बघत होते. शिव्या घालणारा माणूस परवडतो. हे बघणं सुखीबाईला सोसेना. ती जनरेटरजवळ गेली आणि खुंट्या उपटायची सब्बल उचलून आणली.

"मालकाचं कुलूप हाय व ते," खेमसिंग म्हणाला.

"भांडे कोण घासते? मालक घासते का?" सुखीबाई म्हणाली. "सरक तिकडं."

तिसऱ्या घावाला कोयंडा निघाला. मग चार वर्षं भांड्यांवर निघालेला राग तोंडावाटे निघाला, पण कामाच्या रूपानं. ती दारात उभी राहिली आणि सांगत गेली. मोठे गंज पाच, डावीकडच्या ओळीतले. सहावा नको, त्याचं बूड गळतं. पराती आठ. झारे, सराटे, बादल्या बारा, ओगराळी तेवढीच. पाण्याचे ड्रम आधी चढवा, गंज वर उपडे ठेवा. खेमसिंग उचलत होता, सदाशिवराव उचलत होते. बाहेर गेलेल्या प्रत्येक वस्तूमागं तिनं कोळशानं भिंतीवर रेघ ओढली, गंजाला आडवी, परातीला उभी, बादलीला तिरपी. ट्रॉली भरायला पंचवीस मिनिटं लागली. इंद्रजीतला याच कामाला दोन तास लागायचे, कारण तो एकटा उचलायचा. खेमसिंगला घाम फुटला होता, आणि कित्येक दिवसांनी त्याची विडी कानावरच राहिली होती.

ती ट्रॉलीत बसून गावापर्यंत गेली. पंगत दीड वाजता बसली. लोक उन्हात ताटकळले, पण जेवून गेले. बायांची पंगत उठल्यावर सदाशिवरावांच्या पत्नी विमलताई तिच्याजवळ आल्या. सुखीबाईला वाटलं, आभार मानतील. विमलताईंनी हात जोडले खरे, पण जे बोलल्या ते तिच्या काळजात रुतलं.

"तुमच्यानं निभलं, सुखीबाई. पण मालकाले सांगजा, लगनवाल्यायले वहीत जागा अन् आमच्या बुढीले नाई, हे बरं नाई केलं."

सोमवारी दुपारी इंद्रजीत परतला. उखडलेला कोयंडा बघून तो भर रस्त्यावर ओरडला, की गोदाम फोडलं, आता कुणीही यावं आणि काहीही न्यावं. आयुष्यात पहिल्यांदा तो काकीसमोर आवाज चढवून बोलला. फोन मांडवातल्या खांबाला चार्जिंगला लावून ठेवला होता, हेही त्यानं सांगितलं. तेरवीची आठवण झाली ती रविवारी अकराला, जिलेबीची परात हातात असताना, आणि मग फोन करायची हिंमतच झाली नाही, हे मात्र त्यानं सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात सांगितलं. आजूबाजूचे दुकानदार बाहेर येऊन उभे होते.

सुखीबाईनं हातातला गंज खाली ठेवला. आपटला नाही.

"कुलपाचं बोलून राह्यला तू," ती म्हणाली. "चार वर्षं मले भांडे देल्ले घासाले, चावी नाई देल्ली. तुह्या काकाले पगार देल्ला, काम नाई देल्लं. आमी काय बिनकामाचे पाहुणे हावो का तुह्या घरचे?"

इंद्रजीत उखडलेला कोयंडा उचलून बाजाराकडे गेला. संध्याकाळी नवा कोयंडा बसवला, नवं कुलूप आणलं आणि चावी पुन्हा करदोट्याला बांधली. सवयीनं बांधली असेल, पण बांधली. सुखीबाईनं ते पाहिलं, पदर खोचला आणि तांड्यावर निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खेमसिंगही घरीच बसला; त्याला तिनं सांगितलं नव्हतं, पण तो बसला.

तीन दिवसांत काय झालं ते सांगण्यासारखं नाही. वणीहून आलेली हजार माणसांची खरकटी भांडी अंगणात पडून राहिली आणि त्यांच्यावर माशा घोंगावू लागल्या. सहावा गंज, बुडाला गळणारा, इंद्रजीतनं एका साक्षगंधाला पाठवला आणि अर्ध्या गावची आमटी चुलीत गेली. कोणतं भांडं कुठं गेलं आहे हे शोधायला तो गोदामात शिरला, तर भिंतीवर कोळशाच्या रेघा दिसल्या. आडव्या पाच, उभ्या आठ, तिरप्या बारा. तेरवीहून परत आलेली भांडी त्यानं मोजली. एक बादलीही कमी नव्हती. मग त्यानं रेघा आणि भांडी पुन्हा पहिल्यापासून मोजली, असं उत्तमसिंग मामानं नंतर सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी तो तांड्यावर आला. एका हातात लाल वही, दुसऱ्या हातात चावी. सुखीबाई दारात तूर निवडत होती. तिनं बस म्हटलं नाही. तो तसाच उकिडवा बसला आणि चावी तिच्यापुढं ठेवली.

तिनं चावीकडे पाहिलंसुद्धा नाही. चावी नको, म्हणाली, काम सांग. तो गोंधळला. जमलं तर ये, बरं वाटलं तर पाहा, असं काहीतरी पुटपुटायला लागला. जमलं तर नाही, ती म्हणाली, पगारी माणसाला सांगतात तसं सांग. पोराच्या कपाळावर घाम आला. हजार माणसांचं लग्न उरकणं त्याला सोपं गेलं होतं, काकीला काम सांगणं जड जात होतं. शेवटी जमिनीकडे बघत त्यानं सांगितलं, "काकी, रविवारी बाजूच्या गावात तेरवी हाय. तीनशे पान. ती तू पाहायची. काका गाडी भरतीन, मामा नेईन. मी येणार नाई."

सुखीबाईनं हात झटकले, चावी उचलली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. मग विचारलं, "वहीत लिवली का?"

नाही. बापाचा नियम, तो म्हणाला, तेरवी लिहायची नसते.

"मंग माही तेरवी बी डोक्यातच ठेवशीन का रे?"

इंद्रजीतनं वही मांडीवर उघडली. त्या रविवारच्या पानावर आधीच एक साक्षगंध होतं. त्याच्या खाली त्यानं गावाचं नाव लिहिलं, मेलेल्या माणसाचं नाव लिहिलं, तीनशे पान लिहिलं, आणि पुढं 'सुखीबाई' असं लिहून वही तिला दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, यातलं माझं नाव कोणतं, आणि त्यानं बोट ठेवून दाखवलं.